राखेत हात घालणारी नेत्रा

नीलांबरीकाकूंनी नेत्राला पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. गडद हिरवी पँट, करडा शर्ट, टोपीखालून बाहेर आलेली जाड वेणी, आणि कुणीतरी सोडून गेलेल्या दगडांच्या चुलीपुढे गुडघे टेकून बसलेली ती. उजवा हात मनगटाच्याही वर राखेत बुडालेला. काकू सकाळपासून गाडीत बसून आखडलेले पाय मोकळे करायला निघाल्या होत्या, त्या जागच्या जागी थांबल्या. राखेत असा हात घालून कुणी काही शोधताना त्यांनी आजवर एकाच ठिकाणी पाहिलं होतं, आणि ते ठिकाण म्हणजे स्मशान.

"काही हरवलं का गं?" त्यांच्या तोंडून मराठीच निघालं.

मुलीने मान वळवली. उन्हाने रापलेला सावळा चेहरा, नाकावर राखेचा फराटा. "नाही काकू," ती म्हणाली, "आत गरम आहे का बघते."

"अगं, तू मराठी?"

"थोडी थोडी." ती उठली, हात पँटला पुसले. "तुमचे ते टेंटवाले काका मघापासून ओरडतायत ना, 'अरे यार, ही दांडी कुठं जाते?' मला तिकडे, दोन साइट पलीकडे ऐकू आलं. म्हटलं, आज माझ्या रोडवर आपली माणसं आली."

"तो अमित. माझ्या मुलाच्या, राजेशच्या ऑफिसातला. नागपूरचा आहे. त्याला हळू बोलता येत नाही."

'माझ्या रोडवर' हे शब्द काकूंच्या मनात राहिले. रस्ता अर्थातच नेत्राचा नव्हता. तो अमेरिकेतल्या सरकारी जंगलातला अठरा मैलांचा कच्चा रस्ता, नकाशावर त्याला नाव नाही, फक्त आकडा: नऊशे चौदा. खाली वाळवंटातल्या चँडलर शहरात, जिथे राजेश राहतो, मे महिना लागला की उंबऱ्याबाहेर पाऊल टाकवत नाही. अडीच तास गाडी चालवून डोंगराच्या माथ्यावर आलं की पाईनची झाडं आणि अंगावर शाल घ्यावी असा गारवा. या रस्त्याच्या कडेला कुणीही गाडी लावावी, तंबू ठोकावा, चौदा दिवसांपर्यंत राहावं. बुकिंग नाही, पैसे नाहीत. नळ नाही, संडास नाही, कचऱ्याचा डबाही नाही. पूर्वी इथे शिकारीच्या दिवसांत चार-दोन गाड्या दिसत. मग साथीची वर्षं आली, माणसं घरात कोंडून कंटाळली, आणि एका उन्हाळ्यात सगळं शहर जणू या अठरा मैलांवर येऊन बसलं. झाडांमधून नव्या चाकोऱ्या पडल्या, जिथे तिथे दगडांची नवी चूल. रस्त्यावर लक्ष ठेवायला, चाकोऱ्या बुजवायला, जास्तीच्या चुली मोडायला, कचरा उचलायला आणि माणसांशी बोलायला जंगल खात्याचं एक माणूस होतं. ते म्हणजे नेत्रा मोहरीर, वय एकतीस.

काकू तिला हाताला धरून आपल्या तंबूकडे घेऊन आल्या. नेत्राच्या वहीतली ही अकरा नंबरची जागा. राजेशची बायको चैत्राली सामान लावत होती, दहा वर्षांची सिया झाडाला पाठ टेकून पुस्तक वाचत होती, आणि अमित तंबूच्या पोटात शिरून आतून बोलत होता.

नेत्राने आधी गाडी कुठे लावली आहे ते पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा थोडा पडला. काकूंनी आल्या आल्या एक फांदी घेऊन तंबूपुढची जागा स्वच्छ झाडून काढली होती. पाईनच्या वाळक्या सुयांचा ढीग बाजूला लावला होता.

"काकू, हे तुम्ही केलं?"

"हो मग. बसायचं कुठं? पायाला टोचतंय सगळं."

"ते ना, झाडांचं पांघरूण आहे," नेत्रा शब्द शोधत म्हणाली. "काढलं की माती उडते. मग नेक्स्ट इयर इथे काही उगवत नाही."

"आई, म्हटलं होतं ना मी," राजेश म्हणाला. त्याने काही म्हटलं नव्हतं.

काकूंनी मुकाट्याने ढीग परत पसरला. रागावल्या नाहीत. त्यांनी भोरच्या पोस्टात तीस वर्षं काढली होती, आणि कामावर असलेल्या माणसाने नियम सांगितला तर तो ऐकायचा असतो हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. उलट ती मुलगी किती मऊ बोलली, याचंच त्यांना बरं वाटलं.

मग नेत्राने चुलीचं सांगितलं. ते ती दिवसातून तीस वेळा सांगत असावी, कारण एवढं तिचं मराठी अडखळलं नाही. "जाताना पाणी ओता. काठीने ढवळा. परत पाणी ओता. मग हात लावून बघा. हात ठेवता येत नसेल तर जाऊ नका." आधी हाताची मागची बाजू राखेवर धरायची, ऊब लागली नाही की मगच बोटं आत घालायची, हे तिने करून दाखवलं. पाच वर्षांत दोनदा भाजलं होतं. करंगळीजवळचा गुळगुळीत डाग तिने सियाला दाखवला.

"हातमोजे नसतात का गं?" काकूंनी विचारलं.

"आहेत ना. पण ग्लव्हला गरम लागत नाही."

काकूंनी तिला डब्यातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या दिल्या. तिने दोन उभ्या उभ्या खाल्ल्या आणि तिसरी रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. तेवढ्या वेळात काकूंनी तिची माहिती काढून घेतली. जन्म नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीचा. वडील औषधांच्या कंपनीत, आई शाळेत. कॉलेज झाल्यावर काही वर्षं प्रयोगशाळेत बसून काम केलं, मग एका उन्हाळ्यापुरती म्हणून इकडे आली. नोकरी सहा महिन्यांची. ऑक्टोबरमध्ये संपते, दर वर्षी नवा अर्ज. हिवाळ्यात एका शाळेच्या कँटीनमध्ये काम करते.

"आणि घरचे काय म्हणतात?"

"बाबा सगळ्यांना सांगतात, मुलगी गव्हर्नमेंटमध्ये आहे." ती हसली. "कुणी विचारलं, काय करते, तर विषय बदलतात."

"चँडलरला आलीस की जेवायला यायचं," काकू म्हणाल्या, आणि सियाने राजेशचा नंबर नेत्राच्या हिरव्या वहीच्या मागच्या पानावर लिहून दिला.

रविवारी सकाळी निघायची घाई झाली. अमितला दुपारच्या आत घरी पोचायचं होतं. पाणी बरंचसं भांडी धुण्यात आणि चहात संपलं होतं. उरलं होतं पाऊण बादली. चुलीचं काम काकूंनी आपणहून अंगावर घेतलं. तिथे जमलेल्यांपैकी चुलीची माहिती असलेल्या त्या एकट्याच होत्या. त्यांच्या लहानपणी घरात रात्री निखारे राखेखाली झाकून ठेवायचे, सकाळी फुंकर घालून चूल पेटवायची. आणि शेकोटी मोडायची असेल तर वर माती ओढायची. चुलीजवळची जमीन लाल, कडक, खडबडीत होती. पण जवळच्या मोठ्या झाडाच्या बुंध्याशी सुया बाजूला केल्या की खाली काळीभोर, भुसभुशीत, ओंजळीत घेतली तर हलकी लागेल अशी माती. 'काय सोन्यासारखी माती आहे,' असं म्हणत त्यांनी ती ताटाने भरभरून आणली. पाणी ओतलं, वर माती घातली, आणि अंगण सारवावं तशी हाताने थापून गुळगुळीत केली. वरून हात लावला. गार.

"पूर्ण विझली ना गं आई?" राजेशने गाडीतून विचारलं.

"विझली म्हणजे? वर पाट मांडून जेवायला बस."

फोन आला गुरुवारी संध्याकाळी. राजेशने उचलला, आणि बोलता बोलता उभा राहिला. नेत्रा बोलत होती. आवाज बसलेला होता. आधी तिने सियाची चौकशी केली, मग म्हणाली, "काकूंशी बोलायचंय. संडेला तुम्ही आग कशी विझवली, ते विचारायचंय."

बुधवारी दुपारी तिला रस्त्यावर धुराचा वास आला होता. अकरा नंबरच्या चुलीत वर काहीच नव्हतं. पण चुलीपासून सात-आठ फुटांवर, एका जुन्या बुंध्याच्या पायथ्याशी जमिनीतून धूर येत होता. विस्तव मातीखालून, मेलेल्या मुळातून सरपटत तिथवर गेला होता. मदतीची गाडी यायला तास लागला. तोवर ती एकटी फावड्याने खणत होती, पाठीवरच्या पंपाचं पाणी सोडत होती. वारा नव्हता. एका खोलीएवढी जमीन काळी झाली आणि तिथेच थांबली. एरवी वारा वाहतो त्या दिशेला आठ मैलांवर एक गाव होतं.

राजेशने फोनचा आवाज बंद केला आणि आईकडे वळला. त्याचा चेहरा उतरला होता. "आई, तू काही बोलू नकोस. सांग, पाणी ओतलं. ओतलंच होतं की! आपला ग्रीन कार्डचा अर्ज अकरा वर्षं पडून आहे. नावावर जंगलाला आग लावली असं काही लागलं ना, तर..."

"ती काय विचारतेय ते तरी ऐकू दे."

"आई, प्लीज."

काकूंनी हात पुढे केला. राजेशने शेवटी फोन दिला.

नेत्राने आरोप केला नाही. ती म्हणाली, "काकू, मंडेला मीटिंग आहे. आमच्या बॉस आहेत, लोरीन. त्यांना वाटतं, लोक ऐकत नाहीत. मी सांगते, बोर्ड लावते, तरी ऐकत नाहीत. मग रोड बंद करायचा, कॅम्पिंगला कायमचा. मी तीन वर्षं सांगतेय, लोक ऐकतात. आता माझ्याकडे सांगायला काही नाही. तुम्ही ऐकलं होतं ना? मी पाहिलं होतं, तुम्ही नीट ऐकत होता. मग माझ्या सांगण्यात काय राहिलं?"

रस्ता बंद झाला तर तिची सहा महिन्यांची नोकरीही त्याच्याबरोबर जाणार, हे तिने सांगितलं नाही. ते चैत्रालीने जेवताना ओळखलं आणि बोलून दाखवलं.

काकू मात्र फोनवर एवढंच म्हणाल्या होत्या: "शनिवारी येते. तोंडी सांगून कळायचं नाही. करून दाखवते."

शनिवारी राजेशनेच गाडी चालवली. वर चढण लागली तेव्हा म्हणाला, "तुला माहितेय ना, आपण स्वतःहून चाललोय ते?"

"बोलावलं असतं तर गेलोच असतो," काकू म्हणाल्या. "आता न बोलावता चाललोय, एवढाच फरक."

अमितही मागे बसून आला होता. माती घालताना 'काकू, लवकर' असं तीनदा ओरडणारा मी होतो, तेव्हा मीही येतो, असं त्याने आपणहून सांगितलं होतं.

अकरा नंबरपाशी नेत्रा उभी होती आणि तिच्याशेजारी लोरीन: साठीच्या घरातल्या, उंच, केस बारीक कापलेल्या, कपाळाला कायमची आठी. काकूंनी आधी ती काळी जमीन पाहिली. उकरलेली, चिखल झालेली, मधे बुंध्याचा कोळसा. शेजारच्या मोठ्या झाडाची साल कमरेपर्यंत काळी पडली होती. त्यांनी झाडाकडे मान वर करून पाहिलं. शेंडा दिसेपर्यंत टोपी धरावी लागावी एवढं उंच. झाडाच्या खोडावर हात ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या.

मग पदर खोचला आणि बसल्या. थंड चूल होती तिच्यातच त्यांनी सगळं पुन्हा करून दाखवलं. इथे पाणी ओतलं, एवढं. ढवळलं नाही, कारण पाणी थोडं होतं आणि राख उडत होती. मग माती. माती इथली नाही, तिथली आणली, कारण ती मऊ होती. मग अशी थापली. नेत्रा एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होती.

लोरीन वाकल्या. काकूंनी आणलेल्या ताटातली काळी माती त्यांनी चिमटीत घेतली, चोळली, वास घेतला आणि बोटं नेत्रापुढे धरली. त्या इंग्रजीत जे म्हणाल्या ते नेत्राने लगेच मराठीत सांगितलं नाही. ती स्वतःच त्या चिमटीकडे पाहत राहिली.

"काय म्हणतात त्या?" काकूंनी विचारलं.

"त्या म्हणतात, ही माती नाहीये." नेत्राचा आवाज बारीक झाला. "ह्या जुन्या सुया आहेत, काकू. पन्नास-साठ वर्षांच्या. कुजून काळ्या झाल्यात. पेटतात. तुम्ही आगीवर माती नाही घातली, तुम्ही तिला..." तिला शब्द सापडेना.

"सरपण घातलं," काकू म्हणाल्या.

त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. एवढ्या काळजीने थापलं होतं.

नेत्रा एकदम उठली आणि आपल्या ट्रककडे गेली. हिरवी वही काढून ट्रकच्या मागच्या फळीवर बसली आणि पानं उलटायला लागली. प्रत्येक चुलीची नोंद ती करत असे: तारीख, जागा, गरम की गार, आणि पुढे दोन शब्द, जसं दिसेल तसं. दोन उन्हाळ्यांत एक्केचाळीस चुली गरम सापडल्या होत्या. त्यातल्या बारा तशाच उघड्या टाकलेल्या. आणि एकोणतीस चुलींपुढे तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: वर माती. लिहिलं होतं, पण कधी मोजलं नव्हतं.

ती वही घेऊन लोरीनकडे आली आणि इतक्या भराभर बोलली, की राजेशलाही सगळं समजलं नाही. पण शेवटचं समजलं. ती म्हणत होती, हे न ऐकणारे लोक नाहीत. हे काळजी घेणारे लोक आहेत. निघायच्या आधी वाकून, हात मळवून, आग झाकून गेलेले. आपण त्यांना पाणी ओता म्हणतो आणि अठरा मैलांत पाण्याचा एक थेंब ठेवत नाही. मग माणूस जे घरी शिकलाय ते करतो.

लोरीन बराच वेळ वही वाचत राहिल्या. मग काकूंकडे वळून त्यांनी विचारलं, इतक्या लांबून का आलात?

"यांना सांग," काकू नेत्राला म्हणाल्या, "ही मुलगी राखेत हात घालते म्हणून ते गाव आज जागेवर आहे. नाहीतर माझ्या हातून काय झालं असतं, ते मला माहीतसुद्धा पडलं नसतं. मी तिकडे चँडलरमध्ये भाजी निवडत बसले असते. येऊन आभार मानायला नकोत?"

नेत्राने याचं भाषांतर केलं, पण पहिल्या वाक्यातलं 'ही मुलगी' गाळलं. अमितने ते पकडलं आणि आपल्या नागपुरी आवाजात, इंग्रजीत, पूर्ण सांगितलं. लोरीनच्या कपाळावरची आठी गेली नाही, पण त्यांनी मान हलवली.

कागद मात्र झाला. नियम म्हणजे नियम: लेखी ताकीद, दंड नाही. राजेशने तो कागद दोनदा वाचला आणि विचारलं, याचा कुठे परिणाम होईल का. लोरीन म्हणाल्या, ताकीद आमच्या फायलीत राहते. तुमच्या वकिलाला जरूर विचारा, पण मला तरी तसं वाटत नाही. राजेशने सुस्कारा सोडला. काकूंनी मराठीत सही केली.

"काकू," अमित म्हणाला, "अमेरिकेतला तुमचा पहिला सरकारी कागद! आम्ही इथं अकरा वर्षं रांगेत, आणि तुम्हाला दोन महिन्यांत मिळाला."

राजेश हसला. त्या आठवड्यातलं त्याचं ते पहिलं हसू. मग तो नेत्राजवळ गेला आणि खाली बघत म्हणाला, "फोनवर मी आईला बोलू देत नव्हतो. सॉरी."

"माझे बाबा पण असेच आहेत," नेत्रा म्हणाली. "इट्स ओके, दादा."

सोमवारच्या मीटिंगमध्ये रस्ता एका हंगामापुरता वाचला. बावीस जागांवर नंबरचे खांब. राहायचं तर तिथेच आणि चूलही तिथलीच. बाकीच्या चाकोऱ्यांवर मोठे दगड. आणि रस्त्याच्या तोंडाशी पाण्याची टाकी, दर शुक्रवारी भरायची. हे सगळं नेत्राने आधीच्या दोन वर्षांतही मागितलं होतं, टाकी सोडून. टाकी तिला अकरा नंबरपाशी सुचली.

जूनमध्ये कोरड्या दिवसांची आगीवरची सरकारी बंदी येण्याआधीच्या शनिवारी चँडलरची चौदा माणसं जास्तीच्या चुली मोडायला आली. त्यांना गोळा केलं होतं अमितने. दगड विखरायचे, कोळसा पोत्यात भरायचा, वर सुया पसरायच्या. अमितने पहिल्याच दगडाला पाठ धरली आणि उरलेला दिवस देखरेख केली. "तुझा आवाज तेवढा कामाला लाव," चैत्राली म्हणाली, "अस्वलं लांब राहतील." दुपारी काकूंनी सगळ्यांना थालीपीठं वाढली, आणि नेत्रा त्या दिवशी पहिल्यांदा खाली बसून जेवली.

काकू त्या दिवशी तिच्याबरोबर ट्रकमधून रस्त्यावर फिरल्या, आणि तिचं बोलणं बदललेलं त्यांच्या लक्षात आलं. पूर्वी ती नियम सांगायची. आता ती खाली बसायची आणि आधी विचारायची: तुमच्याकडे घरी आग कशी विझवतात? माणसं खुलायची. न्यू मेक्सिकोच्या एका म्हाताऱ्याने वडिलांचं नाव घेऊन वाळूची रीत सांगितली. व्हिएतनामी आजोबांनी ओल्या पोत्याची. एका तरुण जोडप्याने कबूल केलं, की त्यांच्या घरी आग कधी नव्हतीच, स्विच होता. नेत्रा सगळं ऐकून घ्यायची, 'ते तिथे बरोबर आहे' म्हणायची, आणि मग झाडाखालची ओंजळभर काळी माती चुलीच्या दगडावर ठेवून काडी लावून दाखवायची. माती धुमसायला लागली की पुढचं काही सांगावं लागत नसे. पाण्याची बाटली तिच्यावर रिकामी करून ती पुढच्या तंबूकडे निघायची.

"हे तुमच्यामुळे, काकू," ट्रकमध्ये बसताना ती म्हणाली. "थँक यू."

"मला कसलं थँक यू? चूक माझी."

"नाही, पण तुम्ही आला नसतात तर..."

"आणि तू हात घातला नसतास तर?"

"अरे, बस करा दोघी," मागून अमित ओरडला. "आता एकमेकींची ओटी भरा आणि चला."

त्या हंगामात नेत्राला नऊशे चौदावर सहा चुली गरम सापडल्या. त्यातली एकही मातीखाली नव्हती. ऑक्टोबरात तिची नोकरी नेहमीप्रमाणे संपली. काकू तोवर भोरला परतल्या होत्या. तिथून त्यांनी फोन करून विचारलं, पुढच्या वर्षी घेणार आहेत का तुला? ती म्हणाली, माहीत नाही. काकू देवापुढे काही बोलल्या नाहीत, नवस वगैरे त्यांना पटत नसत. पण मार्चमध्ये पुन्हा चँडलरला येताना बॅगेत तिच्यासाठी भाजणीचं पाकीट मात्र आधीच ठेवलं. घेतलं तर कौतुकाचं, नाही तर धीराचं.

घेतलं. त्याच्या पुढच्या वर्षी रस्ता कायमचा उघडा ठेवायचा निर्णय झाला, आणि लोरीननी निवृत्त होण्याआधी नेत्रासाठी एक पद मागून घेतलं, बारा महिन्यांचं. कॅरीहून तिचे आई-बाबा पहिल्यांदा तो रस्ता बघायला आले. बाबांनी बावीस खांब मोजले, टाकीचा नळ सोडून बघितला, आणि परत जाताना राजेशच्या घरी जेवताना सगळ्यांना समजावून सांगितलं, की मुलगी नेमकं काय करते. अर्धा तास सांगत होते. काकू मधे एकदाही बोलल्या नाहीत.

नेत्रा आता पस्तिशीला आली आहे. ती आठ मैलांवरच्या त्या गावात दोन खोल्यांचं घर भाड्याने घेऊन राहते, आणि शनिवार-रविवारी रस्त्यावर गर्दी असते म्हणून तिची सुट्टी मंगळवारी आणि बुधवारी असते.